रिकाम्या पॅकेटांचा हिशोब

२०१७ च्या जून महिन्यात, मृगाच्या पेरण्या चालू असताना, आमच्या कंट्रोल रूममधील मल्टिप्लेक्सरच्या, म्हणजे अनेक वाहिन्या एका प्रवाहात बांधणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरचा एक आकडा मी पहिल्यांदा नीट पाहिला. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी आणि पांढरकवडा या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात, टिपेश्वरच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावांना मी केबल पुरवतो. त्या वर्षीच्या मार्चअखेर ग्रामीण भागातील केबल डिजिटल करण्याची मुदत संपली होती, त्यामुळे आमच्या २,६०० ग्राहकांच्या घरी नवे सेट टॉप बॉक्स नुकतेच लागले होते आणि त्यांचे कर्ज डोक्यावर होते. पडद्यावर लिहिले होते की आमच्या स्थानिक वाहिन्या ज्या वाहक लहरीवरून जातात, तिच्या ३८ मेगाबिटांपैकी जवळजवळ ११ मेगाबिट दर सेकंदाला रिकामे जात आहेत.

रिकामे म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला आठवडा लागला. डिजिटल दूरचित्रवाणीत चित्र आणि आवाज १८८ बाइटांच्या छोट्या पॅकेटांत बांधून पाठवले जातात आणि प्रत्येक पॅकेटावर ते कोणत्या वाहिनीचे आहे याचा क्रमांक असतो. वाहक लहरीचा वेग ठरलेला असल्यामुळे दर सेकंदाला सुमारे २५,००० पॅकेटे निघालीच पाहिजेत. पाठवायला माल नसेल तर यंत्र ८१९१ या क्रमांकाची पोकळ पॅकेटे भरते आणि घरचा बॉक्स ती ओळखून टाकून देतो. हंगामात कापसाचा ट्रक जिनिंगला अर्धा रिकामा गेला तर आमच्याकडे माणूस हळहळतो, कारण डिझेल तेवढेच जळते. माझ्याकडे असा ट्रक चोवीस तास धावत होता.

मी कागद घेऊन हिशोब मांडला. रात्री बारा ते सहा या वेळात फक्त ४ मेगाबिट जरी वापरले, तरी सहा तासांत १०.८ गीगाबाइट माहिती प्रत्येक घरापर्यंत पोहोचू शकते, आणि ती एका घरी पोहोचवायला जेवढा खर्च येतो तेवढ्यातच २,६०० घरी पोहोचते. प्रक्षेपणाची ही खरी ताकद आहे आणि तिने मला अक्षरशः झपाटून टाकले. बाजारभाव, हवामान, पीकसल्ला, स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी व्याख्याने, असे सगळे यातून विकता येईल अशी माझी खात्री झाली होती. पुढच्या तीन वर्षांत मी जे केले आणि त्यात पैसा कुठे अडला, ते इथे जसेच्या तसे लिहितो आहे, कारण हा विचार आज ना उद्या दुसऱ्या कोणाच्या मनात येणारच.

पहिला प्रयत्न अगदी साधा होता. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे प्रत्येक बॉक्सला पडद्यावर किमान १२० अक्षरांचा संदेश दाखवता आला पाहिजे. पैसे थकले की ग्राहकाच्या पडद्यावर जी पट्टी येते ती हीच. तिच्यातून मी ऑगस्टात आठवडाभर तुरीचा आणि सोयाबीनचा भाव पाठवून पाहिला. सहाव्या दिवशी तक्रारींचे फोन एवढे आले की सातव्या दिवशी मी ते थांबवले. ज्याने मागितले नाही त्याच्या मालिकेवर भाव उमटत होता आणि ज्याला हवा होता तो त्या वेळी शेतात होता. शिवाय आमच्या बॉक्सच्या संदेशात मराठी अक्षरे तुटून येत होती, म्हणून रोमन लिपीत लिहावे लागे, आणि ते वाचणे घरातील वडीलधाऱ्यांना जमत नव्हते.

मग मी खऱ्या डेटा प्रक्षेपणाकडे वळलो. त्याची पद्धत अशी की माहितीची पाने एका चक्रात घालून पुन्हा पुन्हा पाठवत राहायचे. बॉक्सला मागता येत नाही, म्हणून त्याने फक्त वाट पाहायची आणि हवे ते पान समोरून गेले की उचलायचे. जत्रेतल्या रहाटपाळण्यासारखे आहे ते: आपली खुर्ची खाली येईपर्यंत उभे राहावे लागते. सगळी पाने मिळून ५०० किलोबाइट असतील आणि २०० किलोबिटांचा वेग दिला असेल तर एक फेरा २० सेकंदांत पुरा होतो. त्यात छायाचित्रे घालून पाने ५ मेगाबाइटपर्यंत नेली की फेरा २०० सेकंदांचा होतो आणि तोवर माणूस रिमोट खाली ठेवून उठून जातो. वेग वाढवून वाट कमी करता येते आणि वेग माझ्याकडे भरपूर होता, म्हणून ही अडचण मला मोठी वाटली नव्हती.

अडचण बॉक्समध्ये निघाली. आमचे बॉक्स स्वस्तातले होते. त्यांना वाहिनी लावता येत होती, पण चक्रातले पान उचलून साठवायला आणि पडद्यावर मांडायला लागणारी स्मृती आणि सॉफ्टवेअर त्यांच्यात नव्हते. नागपूरच्या पुरवठादाराने तसे सॉफ्टवेअर असलेल्या बॉक्सचे दर सांगितले ते आमच्या बॉक्सपेक्षा १,४०० रुपयांनी जास्त होते. म्हणजे सगळे बॉक्स बदलायला ३६,४०,००० रुपये लागणार होते. महिन्याला २० रुपये वर्गणी धरली आणि एकूण एक ग्राहकाने ती दिली, असे अशक्य गृहीत धरले, तरी महिना ५२,००० रुपये आणि भांडवल फिटायला ७० महिने. त्यातच २०१६ च्या सप्टेंबरनंतर मोबाइलवरचा डेटा इतका स्वस्त झाला होता की सहा वर्षांनी फिटणाऱ्या कर्जावर सही करणे हा वेडेपणाच ठरला असता.

त्या हिवाळ्यात मी जगात हे कोणी करून पाहिले आहे का, याचा शोध घेतला. रात्री कंट्रोल रूममध्ये बसून मिळेल ते वाचत गेलो. अमेरिकेत डिजिटल प्रक्षेपण सुरू झाल्यावर एका वाहिनीच्या ६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातून १९.३९ मेगाबिट जात होते आणि दूरचित्रवाणी केंद्रांना उरलेली जागा विकायची मुभा होती. त्या उत्पन्नाचा ५ टक्के वाटा सरकारला द्यायचा, एवढाच नियम होता. त्या आशेवर २००० च्या आसपास जिओकास्ट आणि आयब्लास्ट अशा कंपन्या उभ्या राहिल्या. जागा होती, केंद्रे तयार होती, पैसाही होता. पण घरोघर वेगळे ग्रहणयंत्र विकल्याशिवाय धंदा उभा राहत नव्हता, आणि जिओकास्ट तर २००१ मध्येच बंद पडली. ऑस्ट्रेलियात दुसरेच घडले. तिथे डेटा प्रक्षेपण करणाऱ्यांनी दूरचित्रवाणीसारखे काही दाखवू नये म्हणून करमणूक, क्रीडा अशा प्रकारांवर इतकी बंधने घातली गेली की बोली लावणारे मागे हटले आणि २००१ च्या मे महिन्यात परवान्यांचा लिलावच रद्द करावा लागला.

जपानचे उदाहरण मात्र मी वहीत लाल पेनाने लिहून ठेवले होते. तिथे २००३ च्या डिसेंबरपासून जमिनीवरील डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा डेटाची सोय मानकातच होती. त्यामुळे दुकानातून येणाऱ्या संचाच्या रिमोटवर 'डी' अक्षराचे बटण होते आणि हवामान, बातम्या, आपत्तीची माहिती त्या बटणावर मिळत होती. ग्राहकाला वेगळे काही विकत घ्यावे लागले नाही आणि त्या पानांसाठी वेगळे पैसेही द्यावे लागले नाहीत. हे वाचल्यावर माझ्या मनातला हिशोब उलटा झाला. तोपर्यंत मी हवेतली, म्हणजे तारेतली जागा मोजत होतो. जागा फुकट होती आणि फुकटच राहणार होती. खर्च होता तो दुसऱ्या टोकाला माहिती उचलून घेणाऱ्या यंत्राचा, आणि तो खर्च पाहणाऱ्याच्या खिशातून निघणार नव्हता. पाठवणाऱ्याच्या खिशातून निघाला तरच धंदा होणार होता.

या विचाराने मी जे केले ते तांत्रिकदृष्ट्या मागे जाणारे होते. आमच्या स्थानिक वाहिन्यांशेजारी मी आणखी एक वाहिनी सुरू केली आणि तिच्यावर फक्त माहितीचे पान दाखवले. दोन किलोबाइट मजकुरासाठी दीड मेगाबिटांचे चित्र सतत पाठवणे ही मोठी उधळपट्टी आहे, हे मला कळत होते. पण जी जागा तशीही पोकळ पॅकेटांनी भरत होती ती उधळायला पैसे पडत नव्हते आणि पान पाहायला कोणालाही नवा बॉक्स लागत नव्हता. आमच्या भागातील एका शेतकरी उत्पादक कंपनीने महिना ३,००० रुपये देण्याचे कबूल केले, दोन कृषी केंद्रांनी जाहिरातीचे प्रत्येकी १,५०० दिले, आणि त्यातले १,५०० मी बाजार समितीच्या आवारातून फोनवर भाव सांगणाऱ्या मुलाला मानधन म्हणून देत असे. उरलेले ४,५०० रुपये, हे माझे डेटा प्रक्षेपणाचे पहिले उत्पन्न होय.

पान कसे असावे हे मात्र मला कास्तकारांनी शिकवले. पहिल्याच आठवड्यात उत्पादक कंपनीचे अध्यक्ष कंट्रोल रूममध्ये आले आणि म्हणाले, "भाऊ, पान चांगलं हाय, पण भाव कालचा हाय का आजचा, कसं समजन आमाले? वेळ टाका ना त्याच्यावर." त्या दिवसापासून प्रत्येक ओळीसमोर तारीख आणि वेळ येऊ लागली. मग ओलाव्याची मागणी आली. कापसाचा हमीभाव ८ टक्के ओलाव्याला धरलेला असतो आणि १२ टक्क्यांपर्यंत ओलावा वाढेल तशी कपात होते, त्यामुळे नुसता भाव सांगितला की माणूस घरून एक आकडा मनात धरून निघतो आणि काट्यावर त्याच्या हातात दुसराच पडतो. २०१८-१९ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,४५० रुपये होता. त्याखाली ९, १०, ११, १२ टक्के ओलाव्याचे भाव आम्ही वेगळ्या ओळींत लावले. ही चार ओळींची सुधारणा लोकांनी जितकी वाखाणली तितके दुसरे काहीच नाही.

ग्राहक कोण, याबद्दलही माझा अंदाज चुकला होता. एका दुपारी वसुलीसाठी गेलो असता एका घरी काकू जमिनीवर बसून, जुन्या पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर, आमच्या पानावरचे आकडे पेन्सिलीने उतरवून घेत होत्या. त्यांच्या भावाचे शेत जंगलाला लागून होते, तिथे ना केबल ना मोबाइलची रेंज, आणि भाऊ रोज संध्याकाळी दूध घालायला गावात आला की त्या ती पावती त्याच्या हातात देत. दुपारी घरात असलेल्या बायका हे पान वाचतात आणि शेतावरच्या माणसापर्यंत पोहोचवतात, हे समजल्यावर मी दुपारी दोन ते पाच या वेळात पानाचा मजकूर मोठ्या अक्षरांत आणि हळू फिरवायला लागलो.

२०१७ च्या हिवाळ्यात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी पोखरून टाकली होती, म्हणून पुढच्या हंगामात लोक धास्तावलेले होते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करावा, ही शिफारस आम्ही जुलै ते ऑक्टोबर रोज दाखवली. सर्वांना एकाच वेळी, एकच गोष्ट सांगायची असते तेव्हा प्रक्षेपणाला तोड नाही. दुर्दैवाने अशा माहितीसाठी पैसे देणारा शोधणे सर्वांत अवघड असते, आणि हे चार महिने मी स्वतःच्या जिवावर चालवले.

रात्रीचे १०.८ गीगाबाइट मात्र डोक्यातून जात नव्हते. इराणमधील लोकांसाठी २०१६ पासून चाललेल्या 'तूशे' या सेवेबद्दल मी वाचले होते: उपग्रहावरच्या साध्या वाहिनीतून फायली पाठवायच्या, लोकांनी ती वाहिनी बॉक्सला लावलेल्या पेन ड्राइव्हवर चित्रपटासारखी रेकॉर्ड करायची आणि नंतर संगणकावर सोडवून घ्यायची. घरात असलेल्याच बॉक्सचा केलेला हा उपयोग मला फार आवडला आणि आमच्याकडे तो करून पाहिला. तो चालला नाही, कारण डिजिटल केबलवर वाहिन्या कूटबद्ध करूनच पाठवाव्या लागतात आणि बॉक्सने केलेले रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर उघडते, संगणकावर नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशवर अशी अडचण कमी आहे आणि ती छत्री जंगलाकडच्या पाड्यांवरही दिसते, पण तिथली एक जागा लिलावात कोट्यवधी रुपयांना जाते. तालुक्याच्या केबलवाल्याचा तो प्रांत नव्हे.

घराघरांत यंत्र देता येत नसेल तर गावात एक द्यावे, असे मग ठरवले. १९७५-७६ साली 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले गेले तेव्हा संच सार्वजनिक जागीच ठेवले होते. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण युक्ती आमच्याही कामाची होती. आमच्या पट्ट्यातल्या ११ गावांत ग्रामपंचायतीच्या अभ्यासिका होत्या, पोलीस भरतीची आणि तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणारी पोरे तिथे रात्री दहापर्यंत बसत. त्यांच्या फोनवर रेंज होती, पण संध्याकाळी सगळे गाव एकाच टॉवरवर तुटून पडले की व्हिडिओचे चक्र फिरतच राही. तालुक्याच्या एका क्लासच्या सरांनी प्रत्येक अभ्यासिकेमागे महिना ८०० रुपये देण्याचे मान्य केले. मी जुने संगणक, केबलचा सिग्नल पकडणारे ट्यूनर आणि हार्ड डिस्क असे एकेक यंत्र १२,५०० रुपयांत उभे केले. ११ यंत्रांचे १,३७,५०० झाले.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या रात्री पाठवलेल्या १४ फायलींपैकी पूर्ण पोहोचल्या त्या फक्त पाच. एकतर्फी मार्गावर यंत्राला 'हा तुकडा आला नाही, पुन्हा पाठवा' असे सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक फाइल रात्रीतून तीनदा पाठवायची आणि यंत्राने तिन्ही फेऱ्यांतले तुकडे जुळवून घ्यायचे, अशी मांडणी मी मुक्त सॉफ्टवेअर वापरून केली होती. तरीही एका गावात रोज ठरावीक फाइल अर्धवट येत असे. अखेर मी आणि आमचा लाइनमन पहाटे तीनला त्या गावच्या खांबाखाली जाऊन बसलो. तीन वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली, खांबावरच्या नोडचा, म्हणजे सिग्नल गावात पुढे देणाऱ्या पेटीचा, हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला, कारण त्याची बॅटरी जुनी होऊन चार मिनिटेही टिकत नव्हती. टीव्ही पाहणारे त्या वेळी झोपलेले असल्यामुळे ही खराबी वर्षभर कोणाच्या लक्षात आली नव्हती. बॅटऱ्या बदलल्या, फेऱ्या वेगवेगळ्या तासांत विभागल्या, आणि दिवाळीपर्यंत शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव फायली सकाळी अभ्यासिकेत तयार दिसू लागल्या.

हिशोब असा होता: क्लासकडून महिना ८,८००, त्यातून लाइनमनचे पेट्रोल, दुरुस्ती आणि विजेचे ३,५०० वजा जाता ५,३०० उरत. या गतीने यंत्रांचे पैसे २६ महिन्यांत वसूल झाले असते. ग्राहकांवर काही बोजा टाकता येतो का, हे मी पाहिले होते, पण २०१९ च्या फेब्रुवारीपासून नवे दर लागू झाले, नेटवर्क शुल्कच करासह १५३ रुपये ४० पैसे झाले, वाहिन्यांचे पैसे त्यावर, आणि लोक कनेक्शन ठेवावे की तोडावे या विचारात असताना आणखी दहा रुपये मागणे शक्यच नव्हते. २०२० च्या मार्चमध्ये अभ्यासिकांना कुलूप लागले. वीस महिन्यांत १,०६,००० रुपये आले होते. ३१,५०० यायचे राहिले ते राहिलेच.

त्या एप्रिलात जिल्हा परिषद शाळेचे एक गुरुजी आले आणि रात्रीच्या फायली पोरांच्या घरी पोहोचतील का, असे विचारू लागले. त्या वर्षी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलिना या राज्यांतील सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रे नेट नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी हेच करू पाहत होती. माझ्याकडे पाठवण्याची सगळी व्यवस्था चालू स्थितीत होती, तपासलेली होती, आणि तरीही मला नाही म्हणावे लागले, कारण यंत्रे ११ आणि ती कुलपाआड. त्याचे मला आजही वाईट वाटते. शेवटी गुरुजींचे तास साध्या वाहिनीवर रोज दोन तास दाखवले आणि सरकारच्या पीएम ई-विद्याच्या इयत्तावार वाहिन्या आमच्या यादीत वरच्या क्रमांकांवर आणून ठेवल्या.

पुढच्या वर्षी आमच्या मुख्य मार्गावर फायबर आले. सहा अभ्यासिकांना मी त्यावरूनच इंटरनेट दिले आणि रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या. उरलेल्या पाच गावांतली यंत्रे तशीच पडून होती; त्यांतल्या तीन संगणकांवर आता ग्रामपंचायतीचे दाखले निघतात.

आता इंटरनेटशिवाय, प्रक्षेपणातून थेट मोबाइलवर कार्यक्रम पोहोचवण्याच्या चाचण्या आयआयटी कानपूर आणि प्रसार भारती यांच्याकडून झाल्याचे वाचतो तेव्हा आमच्या संघटनेतले तरुण ऑपरेटर मला फोन करून विचारतात की यात आपल्याला जागा आहे का. मी त्यांना टॉवर किंवा मेगाबिटांबद्दल सांगत नाही. दहा-बारा हजारांच्या फोनमध्ये ते प्रक्षेपण पकडणारी चिप कंपनी स्वतःहून घालून देणार आहे का, आणि तुमच्या तालुक्यात माहिती पाठवण्यासाठी महिना ठरावीक रक्कम देणारा कोण आहे, हे दोन प्रश्न विचारून मग माझ्याकडे या, एवढेच सांगतो.

माहितीचे पान अजून चालू आहे. मानधन २,५०० झाले आहे, उत्पादक कंपनी ५,००० देते, आणि बाजार समितीतला मुलगा बदलला तरी दुपारी चारच्या सुमारास फोन येतो. मी आधी वेळ टाइप करतो, मग भाव.